गुंडाळी फळ्यावरचा युरोप

१८ नोव्हेंबर १९८९, शनिवार. हजर: सर धरून बारा. जमा: प्रत्येकी पाच, एकूण साठ पौंड. कारण: युरोपची सहल.

वहीच्या पहिल्या पानावरची ही नोंद माझ्या अक्षरातली आहे. तिच्या कडेला खडूने भरलेला अंगठा उमटला आहे, तो सरांचा. मी काय लिहिलं ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. पान थोपटलं आणि म्हणाले, "ऑस्ट्रिया, आता तरी हसा! आपण जिंकलो." बर्लिनची भिंत पडून तेव्हा नऊ दिवस झाले होते.

मी ऑस्ट्रिया कसा झालो, ते आधी सांगायला हवं.

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये आमच्या भागात कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, प्रौढ शिक्षण केंद्र होतं. त्याच्या मागच्या खोलीत सर महिन्यातून दोन शनिवारी सकाळी आम्हा मराठी मंडळींना एकोणिसाव्या शतकातला युरोप शिकवत. पूर्वी नागपूरकडच्या एका कॉलेजात ते सात वर्षं इतिहास शिकवत होते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, नर्स म्हणून इकडे आल्या, मागोमाग सर आले. इथे त्यांची पदवी कोणी विचारली नाही. बावीस वर्षं त्यांनी होजिअरीच्या कारखान्यात खोकी मोजली आणि लेबलं चिकटवली. "पाच दिवस मोजे, सहाव्या दिवशी माणसं," असं ते स्वतःबद्दल सांगत.

येताना त्यांनी बॅगेत एक गुंडाळी फळा आणला होता. शिक्षकांच्या सराव पाठांना असतो तसला, काळ्या कापडाचा, वरखाली दांडी असलेला. त्यावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने युरोपचे किनारे, डोंगर आणि नद्या रंगवल्या होत्या. सीमा मात्र खडूने. वर्ग सुरू झाला की ओल्या फडक्याने सगळ्या सीमा पुसायचे आणि ज्या सालाचा पाठ असेल, त्या सालच्या सीमा नव्याने काढायचे. "नद्या पक्क्या, सीमा कच्च्या," हे पुसतानाचं वाक्य ठरलेलं. मग हात विजारीला पुसून आमच्याकडे वळत, एकेकावर बोट रोखत आणि विचारत, "तुम्ही कोण?"

हा त्यांचा खेळ होता. ज्याने त्याने आपला देश सांगायचा आणि त्याच्या वतीने भांडायचं. आमच्यातले एक डॉक्टर, भूल देणारे पण आवाजाने झोपलेल्याला उठवतील असे, ते हंगेरी. लायब्ररीत काम करणाऱ्या एक विधवा बाई होत्या, त्या पोलंड. "नकाशावर नाही, पण वर्गात सगळ्यांच्या आधी हजर!" असं सर त्यांचं कौतुक करत. मी कौन्सिलच्या हिशेब खात्यातला, वेळेवर येणारा, खोलीची किल्ली सही करून घेणारा. "तुम्ही ऑस्ट्रिया," सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "साम्राज्य नको का? तुमच्याशिवाय भांडायचं कोणाशी?" पुढे बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेताना भेटले तरी रस्त्यापलीकडून हाक यायची, "ऑस्ट्रिया, वांगी कशी दिली?" गुजराती दुकानदार आधी त्यांच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

अठराशे अठ्ठेचाळीस, युरोपभर उठाव झाले ते, त्यांचं लाडकं साल. पॅरिसच्या रस्त्यातले फरसबंदीचे दगड उपटून रचलेले अडथळे, मिलानच्या नाट्यगृहात गाणं संपायच्या आत उठून उभे राहिलेले लोक, हंगेरीतल्या पेस्ट शहरात पावसात भिजत कविता ऐकणारी पोरं. खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्यांची गाणी उतरवून घेणारे, ज्या भाषेला कोणी भाषा म्हणत नव्हतं तिचा कोश करत बसलेले शाळामास्तर. हे मास्तर त्यांना फार जवळचे. "आधी कोश, मग ध्वज," असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक होई. आपल्या देशाचा पासपोर्टही त्यांनी बदलला नव्हता. वहिनी म्हणायच्या, "अहो, आता तरी इथला घ्या, प्रत्येक व्हिसासाठी लंडनला रांग लावता." त्यावर सर म्हणायचे, "देश म्हणजे कोट आहे का, थंडी वाजली की बदलायला?"

मला मोजायची सवय. त्या सालातल्या वसंताला त्यांनी चार शनिवार दिले होते. आणि स्वतः स्वातंत्र्य मागणाऱ्या हंगेरीने आपल्या हद्दीतल्या क्रोएशियन, सर्ब, रोमेनियन लोकांना काय दिलं, याला पंधरा मिनिटं. मी एकदा विचारलं, "सर, हंगेरीला राष्ट्र हवं, हे बरोबर. मग हंगेरीच्या पोटात जे आहेत, त्यांचं काय?"

"हे ऑस्ट्रियाच विचारणार!" सर म्हणाले. सगळे हसले. डॉक्टर हंगेरी सगळ्यात मोठ्याने. चहा आला आणि प्रश्न कपाबरोबर उचलला गेला.

सहलीसाठी आम्ही दर महिन्याला एकेक पौंड टाकत होतो. व्हिएन्ना, बुडापेस्ट, मिलान, असा बेत. पहिल्या वर्षी सरांचे व्हिसे वेळेत झाले नाहीत. दुसऱ्या वर्षी हंगेरीच्या मुलीचं लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी, ब्याण्णव साली, फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, युगोस्लाव्हियात, आग लागली होती आणि आम्ही ती रोज टीव्हीवर बघत होतो. सर तो कोपरा पुसत, नव्या सीमा काढत. खडू मोडत असे. "होईल, शांत होईल," ते म्हणत. "जन्माला येताना राष्ट्र रडतंच."

त्या पानगळीत केंद्रात शेजारच्या खोलीत बोस्नियातून आलेल्या कुटुंबांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. चहाचं भांडं दोन्ही वर्गांना एकच. एका शनिवारी तिथली एक बाई कप घेऊन आमच्या दारात थांबली. चाळिशीची, अंगात कोणाचा तरी पुरुषी कोट. ती शाळेत शिक्षिका होती, हे आम्हाला तिच्या मास्तरांकडून कळलं होतं. फळा पाहून ती आत आली. एका पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून तुटक इंग्रजीत म्हणाली, "ड्रीना. माझी नदी."

सरांना काय आनंद झाला! "पाहिलंत? नदी पक्की!" ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले. मग हात विजारीला पुसले, तिच्याकडे हसत बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

तो खेळ होता. बारा वर्षं आम्ही तो खेळत होतो. पण तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

तिने कप टेबलावर ठेवला. म्हणाली, "आमच्या दारात तिघे आले. त्यातला एक माझा विद्यार्थी. त्यांनी माझ्या नवऱ्याला हेच विचारलं. त्याने आपलं नाव सांगितलं. ते म्हणाले, नाव नाही विचारलं."

ती म्हणाली, "त्याला घेऊन गेले," आणि कप तिथेच ठेवून शेजारच्या खोलीत परत गेली.

सरांचं बोट अजून वर होतं. पोलंडबाईंनी त्यांचा हात धरून खाली आणला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. हजर नऊ होते. वेळ अकरा दहा. वर्ग तिथेच संपला.

पुढच्या शनिवारी सरांनी फळा लावला, सीमा पुसल्या आणि खडू हातात घेऊन उभे राहिले. पाणी वाळलं, तरी त्यांनी रेघ ओढली नाही. "आज नको," म्हणाले. त्यानंतर वर्ग झाला नाही.

मी सरांच्या घरी गेलो, समजूत घालायला. खोलीचं आरक्षण मार्चपर्यंत आहे, असलं काहीतरी बोललो. सर म्हणाले, "ऑस्ट्रिया, तुम्ही एकदा विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

"सर, तो दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न."

"नाही हो. उत्तर माझ्याकडून हवं होतं. चार शनिवार मी तुम्हाला गाणी ऐकवली."

"पोलंड सारखं विचारतात, वर्ग कधी म्हणून."

"त्यांना नाव आहे," सर म्हणाले. "तेच घ्या." आणि उठताना मलाही माझ्या नावाने निरोप दिला. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी चालत येईपर्यंत चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

दर शनिवारी ते केंद्रात जातच राहिले, पण शेजारच्या खोलीत. त्यांनी त्या बोस्नियन शिक्षिकेची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं." एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. तिचा नवरा कुठे आहे, हे शोधण्यासाठी ते पत्रं लिहू लागले: मदतसंस्थांना, खासदाराला, छावण्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कार्यालयांना. फळ्यावरच्या त्याच गोल अक्षरात. त्यांच्या नकला माझ्याकडे आहेत, एकूण सदुसष्ट. प्रत्येक पत्राची सुरुवात त्या माणसाच्या नावाने, आडनावाने, मग वय, उंची, चष्म्याचा नंबर. एका फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. तो त्यांनी कोरा ठेवला. कार्यालयाने फॉर्म परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा कोराच पाठवला.

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत सर गेले. हृदयविकार, हॉस्पिटलमध्ये दोन दिवस. उशाशी अडुसष्टावं पत्र होतं, तारीख आणि नाव एवढंच लिहिलेलं. ते मी पूर्ण केलं. माझं अक्षर तितकं गोल नाही.

उत्तर शहाण्णवच्या एप्रिलमध्ये आलं. ड्रीनेच्या काठी सापडलेल्यांत तो होता. चष्म्यावरून ओळख पटली. तिने जाऊन त्याला पुरायचं ठरवलं.

सहलीचे पैसे बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे इथल्या बचतीच्या बँकेत, तसेच होते. मी सगळ्यांना कळवलं, आणि आम्ही पोलंडबाईंकडे जमलो. मी तरी मनात अजून पोलंडच म्हणतो. वहिनींनी गुंडाळी फळा आणून माझ्या हवाली केला. तिलाही बोलावलं होतं. डॉक्टर त्या दिवशी अगदी हळू बोलले. "दगडावर काय कोरायचं ठरलंय?" त्यांनी विचारलं.

"त्याने दारात सांगितलं होतं तेच," ती म्हणाली.

४ मे १९९६, शनिवार. हजर: आठ, आणि ती. जमा वर्गणी चारशे अडुसष्ट पौंड, व्याज एकशे तेरा पौंड चाळीस पेन्स. दिले: पाचशे एक्याऐंशी पौंड चाळीस पेन्स, सगळे. कारण: प्रवास आणि दगड. कोणाला, या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं.