जोत्याला एक पावसाळा

"आठ महिने खरे की सोळा?" साहेबांनी विचारलं.

माझ्या हातचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता आणि अर्जात आठ लिहिले होते. टेबलासमोर हात जोडून उभे असलेले तुळशीराम आबा नुकतेच सोळा म्हणाले होते. मी आबांच्या मागे उभा. माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, असं मी चार लोकांत छाती फुगवून सांगत असे. त्या दिवशी छातीतली हवा गेली ती गेलीच.

मी अर्जनवीस. म्हणजे लोकांचं म्हणणं सरकारच्या भाषेत कागदावर उतरवून देणारा. धुळ्याच्या कचेरीबाहेर निंबाखाली माझं डेस्क असे. शेतसारा, वारसा, विहीर, बंदुकीचा परवाना, जो येईल त्याचा अर्ज मी लिहीत असे. ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची आहे. तेव्हा सरकारी इमारतीचं टेंडर भरायचं तर बांधकाम ऑफिसचं ठेकेदारीचं लायसन लागे. तुमचं नाव त्यांच्या यादीत नसेल, तर तुम्ही ताजमहाल बांधलेला असला तरी टेंडरचा फॉर्म हातात मिळत नसे.

तुळशीराम आबा साक्रीकडच्या एका खेड्यातले मिस्तरी. साठी उलटलेली, अक्षरशत्रू, पण ओळंबा हातात घेतला की समोरची भिंत सरळ होई. सरकारी कामांवर जन्मभर ते दुसऱ्यांच्या लायसनवर राबले. ठेकेदार घाई करायचा, भिंतीला तडा जायचा आणि नाव आबांचं खराब व्हायचं. त्या वर्षी त्यांच्याच गावात शाळा मंजूर झाली. त्यांची नात त्या शाळेत बसणार होती. ती शाळा आपल्या हातानं आणि आपल्या रीतीनं बांधायची, एवढी एकच हौस म्हातारपणी त्यांना उरली होती. त्यासाठी लायसन हवं होतं.

मी त्यांना म्हटलं, आबा, काळजी सोडा. अर्ज माझ्यावर सोपवा.

फॉर्म इंग्रजीत होता. केलेली कामं, काम कधी सुरू केलं, कधी संपवलं, हत्यारं, जामीन आणि मालकांचे दाखले. जामीन राहायला साक्रीचे एक कापडवाले शेटजी तयार झाले. आबांनी त्यांचं गोडाऊन बांधलं होतं. शेटजींनी दाखलाही दिला, आणि तो वाचून मी कपाळाला हात लावला. तुळशीराम मिस्तरी स्वभावानं गरीब असून पानात पडेल ते खातात, बायामाणसांसमोर मान वर करत नाहीत, असा तो दाखला होता. गोडाऊनचा उल्लेखच नाही. बाकीचे दाखलेही त्याच थाटाचे. आमच्याकडे मिस्तरी घरात जेवतो, म्हणून लोक आधी माणूस पाहतात. मी सगळे दाखले परत पाठवले आणि भिंतीबद्दल दोन ओळी मागवून घेतल्या.

कामांची यादी लिहायला आबा माझ्या घरी आले. कागद एकाही कामाचा नव्हता. "भाऊ, बठ्ठं मन्हा हातनं शे, कागद कसाले?" सगळं आपल्या हातचं, मग कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं. यादी सांगता सांगता उठले आणि भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर त्यांनी अलगद उचलून मागे पाहिलं. मग दत्ताची. मग शंकराची. तिन्ही जागच्या जागी ठेवून परत येऊन बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या तिन्ही तसबिरींच्या मागे एकच भेग होती. माझं घर तेव्हा चार वर्षांचं होतं. भेग वाढत गेली तसे घरात देव वाढत गेले.

यादी पुरी झाली आणि माझ्या लक्षात आलं की आबांचं प्रत्येक काम सोळा महिन्यांचं. साध्या चार खणांच्या घरालाही सोळा महिने. मला वाटलं, बांधकाम ऑफिसचे साहेब हे वाचतील आणि म्हणतील, हा मिस्तरी की गोगलगाय. मधले आठ महिने काम बंदच असे, हे आबांनी सांगितलं होतं. म्हणून मी चतुराई केली. बंद महिने वजा केले आणि सगळीकडे आठ लिहून टाकले. आबांना वाचून दाखवताना तेवढा रकाना गाळला. अर्जनविसाला अति शहाणपण नडतं, ते असं.

साहेब अर्जदाराला समोर बोलावून कामाची चौकशी करत. ते होते कोकणातले. त्यांना आबांची अहिराणी कळेना, म्हणून अर्थ सांगायला मला आत घेतलं आणि मग तो आठ-सोळाचा प्रश्न आला.

आबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, नुसतं विचारलं, "भाऊ, खोटं कसाले लिखं?"

याचा अर्थ साहेबांना सांगायची गरज पडली नाही.

मी म्हटलं, "साहेब, आबा खरं सांगताहेत. आठ मी लिहिले."

"का?"

"सोळा वाचून आपण त्यांना आळशी समजाल म्हणून."

"मग आता मी तुम्हाला काय समजू?"

साहेबांनी फॉर्मच्या तळाचा नियम बोट ठेवून दाखवला. माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द आणि पुन्हा अर्ज करता येणार नाही. तो नियम मला पाठ होता, दहा जणांना मीच समजावून सांगितला होता. माझ्या चतुराईपायी आबांची शाळा जाणार होती. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

साहेबांनी लगेच शेरा मारला नाही, हे नशीब. त्यांनी आबांना विचारलं, सोळा महिने लागतात कशाला?

आबांनी सांगितलं, मी मराठीत केलं. जोतं म्हणजे घराचा दगडी चौथरा, ज्यावर भिंती उभ्या राहतात. आबा होळीनंतर पाया खणत, मुरूम लागेपर्यंत खाली जात आणि जोतं वर आलं की हत्यारं बांधून ठेवत. पुढे आख्खा पावसाळा त्या जोत्यावरून जाऊ देत. पाठोपाठ हिवाळाही जाऊ देत, म्हणजे माती वाळून जे खचायचं ते खचू दे. मग सवडीनं पाणसळ लावून जोतं पुन्हा सपाट करायचं आणि भिंती चढवायच्या. आमची काळी माती कपाशीची आई आणि घराची सावत्र आई. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते.

"घाई करी ते भीत रुसस, साहेब," आबा म्हणाले. घाई केली तर भिंत रुसते, असा मी अर्थ सांगितला.

साहेबांच्या कोकणात जांभा कापायचा आणि घर उभं करायचं. त्यांना हे पटेना. ते म्हणाले, "एका हंगामात बांधलेलं आणि बिघडलेलं एखादं घर दाखवा. इथं, धुळ्यात."

आबांनी मान खाली घातली. त्यांना असं एक घर चांगलं माहीत होतं. कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. लायसन त्या एका वाक्यावर अडलं होतं, तरी ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. ज्या माणसानं त्यांचा अर्ज बुडवला, त्याची इभ्रत हा म्हातारा सांभाळत होता.

"साहेब, माझं घर बघायला चला," मी म्हटलं.

ऑफिस सुटल्यावर साहेब आले, आबा आले. मी घरात जाऊन सांगितलं, तसबिरी उतरवायच्या आहेत. बायकोनं एकदा साहेबांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तिन्ही?" तिनं विचारलं.

"तिन्ही."

तिनं पदर खोचला आणि देव एकेक करून खाली घेतले. साहेबांनी खिशातली पेन्सिल काढून भेगेत घातली. ती निम्मी आत गेली. जोतं किती दिवस उघडं ठेवलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक दिवसही नाही. घरात बहिणीचं लग्न होतं, सगळं घर सात महिन्यांत उरकलं. त्या वेळी या कामासाठी आबांनाही विचारलं होतं, पण त्यांनी सोळा महिने सांगितले म्हणून दुसरा मिस्तरी धरला. आता लपवायला उरलंच काय होतं?

साहेब हसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, "अर्ज अजून माझ्या रजिस्टरला चढलेला नाही. उद्या नवा आणा. त्यात खरे महिने लिहा, आणि ते का लागतात तेही लिहा."

"त्याला फॉर्ममध्ये जागा नाही, साहेब."

"मग कागद जोडा."

रात्रभर खपून मी तो कागद लिहिला. शेवटी माझ्या घराची भेगही दाखला म्हणून लिहिली, तसबिरींसकट. महिन्याभरानं लायसन आलं. आबांनी ते उलटं धरून पाहिलं, कपाळाला लावलं आणि मला गुळाचा खडा दिला.

शाळेचं टेंडर त्यांनाच मिळालं. जोतं वर आल्यावर काम थांबलं, तेव्हा वरून पत्रं आली म्हणतात. साहेबांनी परस्पर उत्तरं दिली. नात नव्या शाळेत बसली ती दुसरीत असताना. पहिली तिनं मारुतीच्या पारावर काढली.

शाळेचं काम संपवून आबा एक दिवस माणसं घेऊन दारात हजर. "आते तुम्हनं घर," म्हणाले. भेगेचा कोपरा उतरवला, मुरुमापर्यंत खाली गेले, जोतं वर आणलं आणि हत्यारं बांधली. मी विचारलं, पुढे? "पानकया येऊ द्या," म्हणाले आणि गावी निघून गेले. तो पानकया, म्हणजे पावसाळा, आम्ही कोपऱ्याला गोणपाटं बांधून काढला. बायको मला रोज ऐकवायची, आबांना एक शब्द बोलली नाही. माती वाळल्यावर आबा परत आले आणि त्यांनी भिंत चढवली.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न जास्त विचारू लागलो. वेळ का लागला? जे उत्तर येईल ते आधी लिहायचं, आकडा मागून. त्यापुढे माझे अर्ज परत आलेच नाहीत असं नाही, पण माझ्यामुळे कोणाला खाली मान घालावी लागली नाही.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या भिंतीवर बायकोनं एकच तसबीर लावली आहे, लक्ष्मीची. घरात कोणी नसलं की मी ती अजूनही उचलून मागे बघतो. मागे नुसती भिंत असते.