शेवटच्या शर्यतीला न गेलेला उत्तम

उत्तमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी नळाला पाइप लावून बसलो होतो. आमच्या भागात आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं त्या दिवशी घरातलं कोणी दुसऱ्या कामाला हात लावत नाही. पोरगा म्हणाला, "मिस्तरी काका, अण्णा पहाटे गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं का म्हणालो, ठाऊक नाही. टाकी भरून अंगणात पाणी वाहायला लागलं तरी मी तसाच बसलेलो... शेवटी सुनेनं येऊन नळ बंद केला. त्याला आता दीड महिना होत आला. मी चौथीपर्यंत शिकलेला मोटार मेकॅनिक, लिहिणं हे माझं काम नव्हे. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हटलं. उत्तमबद्दल दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही. चुकलं तर चुकलं.

उस्मानपुऱ्यात माझं गॅरेज होतं तेव्हाची ओळख. उत्तम माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पिशोरकडच्या एका खेड्यातला, तिथल्या बौद्ध वस्तीतला. शहरात एका गाड्यावाल्या मालकाकडं ड्रायव्हर होता आणि त्या मालकाची सगळी दुरुस्ती माझ्याकडं यायची. औरंगाबाद त्या वर्षांत चारी अंगांनी वाढत होतं. वाळूजला शेडवर शेड उभी राहत होती, गारखेड्यात ज्वारीच्या रानात प्लॉटचे दगड रोवले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात जर्मनीहून मशिनी आल्या, त्या बसवायला डीटर नावाचा साहेब आला आणि त्याच्या दिमतीला उत्तमची गाडी लागली. उत्तमला इंग्रजी येत होतं मोजकं, साहेबाला त्याहून जरा बरं. तरी दोघं पैठणपर्यंत गप्पा मारत जायचे आणि गप्पा मारत यायचे. काय बोलत असतील ते मला कधी कळलं नाही.

डीटरच्या भावाची तिकडं शर्यतीची एक गाडी होती. जर्मनीत स्पोर्ट्स गाड्यांची एक मोठी स्पर्धा चालायची. एकच शर्यत नव्हे, तर उन्हाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत वेगवेगळ्या गावी शर्यती, आणि सगळ्यांचे गुण धरून शेवटी एक विजेता. भावाची गाडी कधी पहिली आली नाही, पण एकही शर्यत चुकवायची नाही. उत्तम एक दिवस तिचा फोटो घेऊन आला. गाडी कसली, जेवायला बसायच्या पाटाला चाकं लावल्यासारखी. मी म्हटलं, "ही आपल्या शहागंजात आण, पहिल्याच गतिरोधकाला अडकंल."

"अडकणार नाय, मिस्तरी. गतिरोधक सोबत घेऊन जाईल."

डीटर त्याच्या शेजारी बसून त्याला वळणं शिकवायचा. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. वळणात गाडीला मोकळी सोडायची. मला हे सांगायची गरज नव्हती, मी आयुष्यभर ब्रेकच दुरुस्त केलेत. पण उत्तमनं ते असं अंगात भिनवलं की त्याच्या गाडीत झोप लागायची. मी स्वतः गाडी चालवत नसे. माझा एक डोळा लहानपणीच गेलेला, मला जड गाडीचं लायसन कोण देणार...

साहेब परत गेला आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. आदल्या वर्षीही धड पडला नव्हता. मालकानं टँकरचं काम घेतलं. काही टँकर शहरात नव्या बांधकामांवर जायचे, काही खेड्यांना. शहरातलं काम सोपं होतं, रस्ता सरळ, वर बिल्डर चहा पाजायचा. उत्तमनं मात्र स्वतःच्या गावाचा रूट मागून घेतला. सरकारनं ताब्यात घेतलेल्या एका विहिरीवर टँकर भरायचा आणि डोंगराकडच्या चढानं गावात न्यायचा. टँकरमधलं पाणी वळणात गाडीला ढकलतं. आधी ब्रेक मारायची त्याची सवय तिथं कामाला आली.

आता जे सांगतो ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. गावात टँकर गेला की पाणी सरळ गावच्या विहिरीत सोडायची पद्धत होती. विहीर वरच्या अंगाला, सगळ्यांची. बौद्ध वस्तीच्या बायांना कोणी नको म्हणत नव्हतं, फक्त त्यांनी मागं थांबायचं. वरच्यांचं आटपेपर्यंत तळाशी राहायचा तो गाळ. उत्तमनं काय केलं, वस्तीत सिमेंटची एक जुनी टाकी होती, ती स्वतः घासली, भेगा बुजवल्या आणि प्रत्येक खेपेला अर्धा टँकर तिच्यात सोडायला लागला. त्यासाठी वस्तीच्या दगडी उतारावरून टँकर उलटा न्यावा लागायचा, आरसा बघत, इंचाइंचानं. दुसरा कोणी ड्रायव्हर ते करत नसे. कोणी वैरी नव्हता, पण विहिरीत पाइप टाकून बिडी ओढायची सोडून एवढा खटाटोप कोण करणार.

त्या उन्हाळ्यात तिकडं स्पर्धा सुरू झाली. डीटर प्रत्येक शर्यतीचे फोटो पाठवायचा, माझ्या गॅरेजच्या पत्त्यावर. टँकरच्या स्प्रिंगचे पाटे तुटायचे, उत्तम दुरुस्तीला यायचा, तेव्हा आम्ही दोघं ते फोटो बघत बसायचो. सुरुवातीला गाड्यांची रांग लांब दिसायची, मग दर शर्यतीला आखूड होत गेली. मोठ्या कंपन्या हात काढून घेत होत्या म्हणे. एक फोटो भर पावसातल्या शर्यतीचा होता. गाड्या दिसतच नव्हत्या, नुसते पाण्याचे फवारे, चाकांनी उडवलेले. उत्तम तो लई वेळ बघत राहिला. मी म्हटलं, "काय रे, गाडी शोधतोस का?"

"गाडी नाय. एवढं पाणी चाकाखाली चाललंय, ते बघतोय."

मग डीटरचा निरोप आला. ही स्पर्धा यंदा शेवटची. पुढच्या साली भरणार नाही. तू शेवटच्या शर्यतीला ये, तिकीट मी काढतो, भावाच्या माणसांबरोबर राहा, टायर उचल. शेवटची शर्यत पावसाळा संपता संपता होती. उत्तमनं हिशेब केला, तोवर पाऊस पडून जाईल, टँकर बंद होतील, आपण मोकळे. पासपोर्ट काढला. त्याच्या फोटोसाठी माझा सदरा नेला. गॅरेजातल्या पोरांनी त्याला "जर्मन, जर्मन" म्हणून हैराण केलं होतं. तो हसायचा. मी त्याला एवढा खूश कधी पाहिला नव्हता, लग्नात सुद्धा नाही.

पाऊस पडला नाही. ढग यायचे, डोंगरापर्यंत जायचे, निघून जायचे. टँकर चालूच. तरी उत्तम दोन दिवस सुटी घेऊन मुंबईला व्हिसाला गेला. ते दोन दिवस मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला. त्यानं सगळं पाणी विहिरीत सोडलं आणि निघून आला. खालची टाकी कोरडी. उत्तम परतला, गावाला एक खेप करून आला आणि मग माझ्याकडं आला, पासपोर्ट हातातच होता.

"जमत नाय, मिस्तरी."

"काय जमत नाही? सरपंचाला सांग, दुसऱ्या ड्रायव्हरला समजावून सांग."

"दोघांना सांगितलं. ड्रायव्हर म्हणतो, उलटी गाडी घालून मला मरायचं नाय. सरपंच म्हणतो, विहीर तर सगळ्यांची हाय."

"मग खरंच आहे की. पंधरा दिवस वस्तीनं विहिरीवरून भरावं. काय बिघडतंय?"

उत्तमनं पासपोर्ट खिशात घातला. मग म्हणाला, "तुम्ही कधी मागं उभं राहून पाणी घेतलंय का, मिस्तरी?"

मी कधी घेतलं नव्हतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, आयुष्यात एकदाच अशी गोष्ट समोर येते, स्पर्धा परत भरणार नाही, पाणी काय, आज ना उद्या पडंल. तो म्हणाला, "उद्याचं पाणी आज कोण पिणार?" आणि माझा सदरा परत देऊन गेला. धुऊन, इस्त्री करून आणला होता.

शेवटच्या शर्यतीच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्याबरोबर टँकरवर गेलो. दिवसभर शर्यतीचं नावसुद्धा निघालं नाही. संध्याकाळी वस्तीत टाकी भरत होती, बाया हंडे घेऊन रांगेत, कोणी कोणाला ढकलत नव्हतं. उत्तम पाइप धरून उभा होता. एकदम म्हणाला, "आता सुटल्या असतील." मी म्हटलं, "कोण?" त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला. कोण ते मला लगेच कळलं होतं, तरी मी विचारलं.

पुढं डीटरनं व्हिडिओ कॅसेट पाठवली. भीमजयंतीला वस्तीनं शहरातून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला होता, पिक्चर बघायला. उत्तमनं दुपारी विहारात खिडक्यांना चादरी लावून आधी शर्यत दाखवली. लोक वैतागले. एक म्हातारी म्हणाली, "का रे उत्तम, हे निघाले तिथंच परत येत्यात. मग निघाले कशाला?"

"मावशे, मी बी तेच करतो की. एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत."

सगळे हसले. शर्यत संपली, कोण जिंकलं त्याचं कोणाला काही नव्हतं. तेवढ्यात डीटरनं कॅमेरा फिरवून लोखंडी कठड्याकडं धरला. कठड्याला लोक दाटून टेकलेले होते, मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी. तिच्यामागून गाड्या जात होत्या. कॅमेरा तिथून हललाच नाही. पोरं ओरडायला लागली, "यात काय हाय, पिक्चर लावा." उत्तम माझ्या कानाशी म्हणाला, "ती माझी जागा." उठला, कॅसेट काढली आणि पिक्चर लावून दिला. स्वतः बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर पाऊस आला, गेला, पुन्हा दुष्काळ पडले. उत्तमनं गारखेड्यात घर बांधलं, शाळेची बस चालवली, पोरांना शिकवलं. डीटरची पत्रं हळूहळू थांबली. मी मात्र थांबलो नाही. दरवर्षी कधीतरी विषय निघायचाच आणि मी म्हणायचो, तू जायला पाहिजे होतंस. तो "सोडा ना मिस्तरी" म्हणायचा. वस्तीत त्यानं कधी कोणाला कळू दिलं नाही. मी एकदा म्हटलं, तू काय सोडलंस ते सांग तरी लोकांना. तो चिडला. म्हणाला, "पाणी उपकाराचं झालं की घशाखाली उतरत नाय. तुम्ही बी सांगायचं नाय."

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर होता, आवाज खोल गेलेला. मी पुन्हा तेच बोललो. तो हसला. "ती स्पर्धा बंद पडली, तुम्ही नाय पडलात." मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "लई वाटलं होतं, मिस्तरी. लई जावं वाटलं होतं..." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी वर्षं हेच ऐकायचा हट्ट धरला होता आणि ऐकलं तर मला ते नको झालं.

जलदान विधी वस्तीतल्या विहारात झाला. आता वस्तीत नळ आहेत, ती टाकी कधीच पाडली. मी मागं खुर्चीवर बसलो होतो. शेजारी कमलबाई म्हणून एक होत्या, त्या दुष्काळात नुकत्या लग्न होऊन आलेल्या. चांगलंच बोलत होत्या उत्तमबद्दल. म्हणाल्या, "त्या साली आमची टाकी कधी रिती राहिली नाय बघा. फक्त दोन दिवस. दोन दिवस कुठं गायब झाले होते, कोण जाणं. परत आले तर आम्ही बाया लई बोललो त्यांना. मी तर नवी नवरी, तरी बोलले. ते खाली मान घालून पाइप लावत राहिले."

हे मला उत्तमनं कधी सांगितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्याच्या मुलानं हाक मारली, "काका, तुम्ही पण हात लावा." घरची सगळी मिळून तांब्यातून वाटीत पाणी ओतत होती. मी तांब्याला हात लावला. वाटी भरली, पाणी ताटात सांडायला लागलं, तरी गाथा चालू होती. कमलबाई हात जोडून उभ्या होत्या. त्या जागी मी काही बोललो नाही. त्याचा शब्द होता.

घरी आल्यापासून मात्र राहवत नाही. उत्तम, तू रागावशील. रागाव. कमलबाईंना वाचता येतं का मला माहीत नाही, कोणीतरी त्यांना एवढं वाचून दाखवा. बाई, ते दोन दिवस तो मुंबईत होता, जर्मनीला जायचा शिक्का घ्यायला. शिक्का मिळाला होता.