गावदेवीच्या पत्रिकेचं पेन

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. प्रमाणपत्र फ्रेम करून ओटीवर लावलंय, आणि खिळासुद्धा मीच ठोकलाय. त्यामुळे भावकीत कोणाचंही लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायचं काम माझ्याकडे. आम्ही सापगावच्या पुढे, आतल्या अंगाला राहतो. एका लग्नाला निम्मं गाव बोलवायचं असतं.

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे पहिली पत्रिका गावदेवीला जाते. देवीचं नाव हाताने लिहायचं, हळदकुंकू लावायचं आणि देवळात नेऊन ठेवायची. ती गेल्याशिवाय दुसरी पत्रिका घराबाहेर पडत नाही, सख्ख्या मामाची असली तरी.

ताई मला म्हणाली, "नाव तूच लिव. पण पेन जरा बरं घे गो. मागं काकाच्या लग्नात देवीचं नाव तू गॅस एजन्सीच्या फुकटच्या पेनानं लिवलंस."

"तुझ्या पत्रिकेला मी स्वतः पेन बनवते," मी म्हणाले. सगळं घर जेवायला बसलेलं होतं, म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती.

"पेन बनवतात?" बाबा म्हणाले. "मला वाटलं दुकानात मिलतात."

मी बरेच दिवस मोबाइलवर लोक लाकडाची पेनं लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून तासायच्या यंत्रावर, कशी उतरवतात ते बघत होते. त्यातलाच एक संच मागवला. कुरिअरवाला आमच्याकडे येत नाही, म्हणून शहापुरातल्या ओळखीच्या मोबाइलच्या दुकानातून कामावरून येताना उचलला. आत पितळेची नळी, पेनाचे सुटे भाग, काळपट लाकडाचा पोकळ ठोकळा आणि पिवळ्या लाकडाचे बारके बारके तुकडे. ठोकळ्यात लेझरने खाचा कापलेल्या, तुकडे त्या खाचांत बसवायचे. डब्यावर तयार पेनाचं चित्र होतं, त्यात हे तुकडे जुळून कसल्याशा परदेशी पानांची डहाळी झाली होती. आमच्या घरात सगळ्यांनी ती भाताची लोंबी ठरवून टाकली, आणि खरं सांगायचं तर मलाही ती लोंबीच दिसली.

कोणी हा उद्योग करणार असेल तर आधीच सांगते, संच जमिनीवर उघडू नका. सुपात उघडा. तुकडा हातातून उडाला तरी सुपाबाहेर जात नाही. सगळे तुकडे आधी गोंद न लावता बसवून बघा. घट्ट बसला तर ठोकू नका, उलटा असेल, फिरवून बघा. मग नळी सरकवा, वरून रबर गुंडाळा आणि अगदी पातळ फेविक्विक फटींवर सोडा. तो आपला आपण आत शिरतो. बोट लावायला गेलात तर बोटही पेनाचाच भाग होतं.

मी बुधवारी हे सगळं केलं आणि ठोकळा खिडकीत वाळत ठेवला. पहिली पत्रिका रविवारी सकाळी जायची होती. गुरुवारी कामावरून आले तर खिडकी रिकामी.

"आय, इथलं लाकूड कुठाय?"

"चुलीवर."

मी चुलीकडे धावले. आमच्यात लाकडाची कुठलीही नवी वस्तू, कोयत्याची मूठ असो की मुसळ, आधी चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवतात. धूर खाल्लेल्या लाकडाला भुंगा लागत नाही. आईने पेनाचंही तेच केलं होतं, मायेने. त्यात लग्नघर, चूल सकाळपासून पेटलेली. पितळेची नळी तापली, गोंद सैल झाला आणि लोंबीचे निम्मे दाणे उठून वर आले. एक दाणा तर खाली निखाऱ्यात जाऊन राख झाला होता.

मी जीव तोडून ओरडले. आई पीठ मळत होती, तिने मानही वळवली नाही.

"कीड तर नाय ना लागली?"

"आय, ते पेन हाय! मुसळ नाय!"

"लाकूडच ना ते? मंग?"

उठलेले दाणे मी पुन्हा चिकटवले. पण गेलेल्याची खाच तशीच राहिली, लोंबीच्या ऐन मधोमध. दुसरा संच रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. खाचेत लाकडाचा भुसा आणि गोंद भरतात, पण माझ्याकडे भुसा निघणार तो काळ्या ठोकळ्याचाच. तो भरला असता तर देवीसमोर किडका दाणा गेला असता.

ताई बाजूला बसून लग्नाची हळद चाळत होती. तिने ठोकळा हातात घेऊन बघितला.

"एवढ्याला काय रडतेस गो? ह्यात हळद भर."

"असं कुठं असतंय?"

"मंग बस रडत."

मी विज्ञान शाखेची. आधी एका फळकुटाला खाच पाडून त्यात करून बघितलं. कोरडी हळद दाबून भरली, वर फेविक्विकचा एक थेंब. जरासा धूर आला आणि खडा झाला, नखाने निघेना. मग पेनातल्या खाचेत भरली, कडेपेक्षा जरा वर येईल इतकी, कारण वरचं लेथवर निघूनच जातं.

शनिवारी स्कूटी काढून मुरबाडला मामाकडे गेले. मामाचा लाटणी आणि पाळण्याचे दांडे काढायचा लेथ आहे. त्याने पेनाचा ठोकळा दोन बोटांत धरून बघितला.

"हे काय, लाटण्याचं पिल्लू?"

"मामा, चेष्टा नको. उद्या पत्रिका हाय."

पटाशी मी त्याच्या हातात दिली नाही. मामाचा हात लाटण्याचा, एका फटक्यात सालपट काढणारा. अशा जोडकामात तसा एक घाव बसला तर सगळे दाणे अंगणात. आधी दोन्ही टोकं नळीला काटकोनात सपाट करून घ्यायची, नाहीतर पुढे भागांमध्ये फट दिसते. पटाशीला धार ताजी हवी. कडेकडून सुरुवात करायची, केसासारखी साल काढत. मधूनमधून मशीन बंद करून बोट लावायचं. गरम लागलं की थांबायचं. गरम झाल्यावर काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"एवढ्या वेळात माझी दोन लाटणी झाली असती," मामा दारातून म्हणाला.

"लाटण्यात रिफील टाकायची नसती, मामा."

घासताना आणखी एक. काळ्या लाकडाची धूळ पिवळ्यावर चढते, म्हणून कपड्याने गोल पुसायचं नाही, लांबीतून पुसायचं किंवा फुंकायचं. पाणी अजिबात नाही. हळदीने माझा पहिला कपडा कोरडाच पिवळा केला, तेव्हा घाईघाईने गोंदाचा एक हात सगळीकडून फिरवला आणि मगच पुढे घासलं. झिलई आल्यावर मामाच्या शेगड्यात, म्हणजे पकडीत, पुठ्ठा घालून एकेक भाग दाबून बसवला. फिरवून टोक आतबाहेर करायचा भाग थोडा थोडा दाबावा आणि दरवेळी रिफील घालून टोक किती बाहेर येतं ते बघावं. जास्त दाबला गेला तर तो मागे येत नाही. मी श्वास धरून दाबत होते. मामाही दारातून आत येऊन वाकून बघत होता.

टोक बाहेर आलं, आत गेलं, परत बाहेर आलं.

"आता माझी पत्रिका ह्यानंच लिवायची," मामा म्हणाला.

रविवारी आंघोळी करून सगळे देवळात गेलो. ताईने पेन उजेडात धरून फिरवलं.

"हळदीचा कुठला गो?"

मी दाखवला. बाकीच्यांपेक्षा थोडा जास्तच पिवळा होता.

"एक सांगते," मी म्हणाले, "हळदीचा रंग उन्हानं उडतो. वर्षभरात फिका पडंल."

"माझ्या अंगाची हळद पण उडणाराय," ताई म्हणाली. "तू लिव."

मी देवीचं नाव लिहिलं. शाई पहिल्याच अक्षराला सरळ उतरली. आईने हळदकुंकू लावलं. खाली पाठवणाऱ्याचं नाव घालायचं होतं, तेवढ्यात ताईने माझ्या हातातून पेन घेतलं.

"माझं मी लिवते."

ती दहावीनंतर शाळेत गेली नाही. तेव्हापासून घरातलं सगळं लिहिणं माझ्याकडेच होतं, आणि ते तिचंही असू शकतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिने सावकाश, आमच्या आडनावासकट, पूर्ण नाव लिहिलं. पेन फिरवून टोक आत घेतलं, पुन्हा बाहेर काढलं.

"मामाची कुठाय? आण इकडं."

मी पत्रिकांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. पेन मागितलं नाही, तिनेही दिलं नाही.