म्हादू मुद्दाम करत न्हाय

विषय : चि. महादू, वय वर्षे नऊ, इयत्ता दुसरी (तिसऱ्यांदा), हा अभ्यासात मुद्दाम हयगय करत नाही, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : त्याची आई शेवंता हिचा अर्ज.

वरील विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, किस्से हे आवक-जावक रजिस्टरासारखे नसतात. रजिस्टरात महत्त्वाचं ते चढतं आणि हरवतं. डोक्यात बिनमहत्त्वाचं ते साठतं आणि काही केल्या निकाली निघत नाही. मी आयुष्यभर कारकुनी केली. त्यातली शेवटची काही वर्षं कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय संशोधन प्रकल्पावर गेली. निवृत्त झाल्यापासून मित्र भेटले की म्हणतात, "भाऊसाहेब, ते दारूच्या प्रकल्पातले किस्से होऊन जाऊ द्यात!"

दारू म्हटलं की लोक आधीच हसायची तयारी करून बसतात. हसण्यासारखे काही आहेतही.

*

प्रकल्प असा होता. चंदगड तालुक्याच्या डोंगरात जंगलात राहणाऱ्या लोकांची एक वाडी. तिथं काही मुलं जन्मतःच बारकी असायची, उशिरा बोलायची, शिकवलेलं दुसऱ्या दिवशी विसरायची. आमच्या सुमती मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. पोटात असतानाच या मुलांना दारू पोचली असावी, असा त्यांचा संशय. तो तपासायचा, पण वाडीतल्या लोकांना बरोबर घेऊन, असं त्यांनी ठरवलेलं.

प्रकल्पाचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. ते मराठीत आणायचं काम माझ्याकडं. मी फायलीवर लिहिलं, 'गर्भाचे मद्यप्राशन'.

हेडक्लार्क खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अहो, गर्भ काय गुत्त्यावर जाऊन बसतो काय?"

मी ओशाळून फाइल दुरुस्तीला नेली. मॅडमनी नाव वाचलं आणि पेनला टोपण लावलं.

"राहू दे. आई पिते तेव्हा तोही पितो. फक्त त्याला नको म्हणता येत नाही."

नाव तेच राहिलं. त्यानंतर हेडक्लार्कही हसले नाहीत.

*

वाडीवर जायला परवानगी हवी होती. आदिवासींचं काम बघणाऱ्या कचेरीत गेलो. साहेबांनी यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं.

"ही जमात यादीत नाही."

"साहेब, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहतात."

"राहू देत की! यादीत राहत नाहीत."

खालच्या मजल्यावर बाकीच्या लोकांसाठी दुसरी कचेरी होती. तिथले साहेब म्हणाले, "जंगलातले ना? मग वर जा."

वर-खाली करण्यात पावसाळा संपला. शेवटी 'किरकोळ' या सदराखाली परवानगी मिळाली.

*

पहिली बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. सगळी वाडी आली होती. पुढं बसली होती सत्यव्वा, वाडीची सुईण. चाळिशीच्या आतलं त्या वाडीतलं प्रत्येक माणूस पहिल्यांदा तिच्या हातात आलेलं. तिनं मान हलवल्याशिवाय तिथं काही होत नसे.

मॅडमनी संमतीपत्र वाचून दाखवलं. कुणावर जबरदस्ती नाही, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, वगैरे. सत्यव्वानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आदी तुमी भरा."

"काय भरू?"

"फारम! तू पितीस काय, तुजा नवरा पितो काय, पोटुशी हुतीस तवा काय प्यालीस. समद्यांम्होरं सांग. मंग आमी सांगतो."

मी मॅडमकडं बघितलं. त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वाचा भाऊसाहेब, एकेक प्रश्न."

मी वाचत गेलो, त्या उत्तरं देत गेल्या. नवरा शनिवारी घेतो, हेही सांगितलं. वाडी कान देऊन ऐकत होती.

मग आमच्या जीपचे ड्रायव्हर आप्पा, गडमुडशिंगीचे, त्यांची पाळी आली. पण आप्पा, "गाडीचं पाणी बघून आलोच," म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

सत्यव्वा म्हणाली, "त्याचं ऱ्हाऊ द्या. त्याचं उत्तर वासावरनं कळतंय की!"

ओटा हसून हसून हादरला. त्या हशात माझीही पाळी आली. मी "नाही" म्हणून मोकळा झालो. ते खरं नव्हतं. तेवढी एक दुरुस्ती माझ्याकडून राहून गेली आहे.

त्या दिवशी वाडीनं दोन अटी घातल्या. वाडीचं नाव कुठं छापायचं नाही, आणि जे काय सापडेल ते पहिल्यांदा वाडीला सांगायचं.

*

फॉर्म परदेशातल्या नमुन्यावरून केलेला. 'आठवड्यातून किती पेग घेता?' असा त्यात प्रश्न. बायका एकजात म्हणाल्या, "न्हाय बाई." सगळा रकाना शून्यांनी भरला. मॅडम रकाना परत वरपासून तपासू लागल्या. एवढा खटाटोप केला, आणि संशयच खोटा?

परतताना आप्पा स्टिअरिंगवरून बोलले. "मॅडम, बाया काय गुत्त्यावर जात न्हाईत. त्या भात लावणीत घेत्यात, शेतात. मालक देतोय. तुमी दारू इचारतायसा. त्यास्नी ती दारू वाटतच न्हाय. ती थंडीची सोय हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"परवा मी गाडीचं पाणी बघाय गेलतो न्हवं," आप्पा म्हणाले, "ते त्या मालकाकडंच गेलतो."

*

मग प्रश्न बदलला. लावणीत थंडीला काय घेता? रकाने भरू लागले. भर पावसात, सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका. दुपारी बांधावर प्रत्येकीला काजूच्या बोंडांच्या दारूची एक करवंटी. सगळी लावणी होईपर्यंत रोज.

मॅडमनी सत्यव्वाला विचारलं, "आणि एखादी पोटुशी असेल तर?"

"तिला दोन."

"दोन?"

मॅडमना एवढंही कळत नाही याचं सत्यव्वाला नवल वाटलं. "जीव दोन हाईत न्हवं? मालक एकच द्याय बघतोय. मी भांडतो, तवा दुसरी मिळत्या. पोटातल्याला काय थंडी वाजत न्हाय व्हय?"

मी लिहीत होतो. रकान्यात 'दोन' लिहिलं.



*

शेताच्या मालकाकडंही गेलो. सज्जन माणूस. पाट मांडले, पोहे दिले. मॅडमनी विनंती केली, "लावणीत बायकांना चहा देत जा. करवंटी बंद करा."

ते मनापासून हळहळले. "मॅडम, मी माणुसकीनं देतोय हो ते. चहाला साखर इकत आणाय लागत्या. काजू माज्याच झाडाचा हाय."

आम्ही चहा पिऊन निघालो. साखर भरपूर होती.

*

दोन वर्षांनी, अटीप्रमाणे, निष्कर्ष पहिल्यांदा त्याच ओट्यावर वाचले. मी ते सोप्या मराठीत केले होते. पोटुशीनं घेतलेली दारू पोटातल्या मुलाच्या मेंदूपर्यंत जाते. थोडी घेतली तर चालेल, असं म्हणता येत नाही. झालेलं नुकसान भरून निघत नाही. पण मुलाला समजून घेऊन शिकवलं तर ते पुढं सरकतं.

वाचून संपलं तेव्हा सत्यव्वा उठली. कुणाकडं न बघता फणसाखाली जाऊन बसली.

मग शेवंता उभी राहिली. लावणीला जाणारी, तिशीतली बाई. म्हादू तिचा.

"पोरगं रातच्याला धडा म्हणतंय, सकाळी इसरतंय. मास्तर म्हणतोय मुद्दाम करतोय, आन् छडी काढतोय." ती थांबली. "मीबी मारलंय, मॅडम. मुद्दाम करतोय म्हणून लई मारलंय. मला कागद द्या. ह्यो मुद्दाम करत न्हाय, असं त्यावर लिव्हा. मास्तरला दावतो."

मागून कुणीतरी पुरुष ओरडला, "वाडीचं नाव भाईर जायाचं न्हाय! ठरलंय तसं!"

"वाडीचं नगं," शेवंता म्हणाली. "माजं घाला."

*

मॅडमनी कागद दिला. मास्तर म्हणाले, खाजगी चिठ्ठी चालणार नाही, सरकारी दाखला आणा. म्हणून मी अर्ज लिहिला आणि शेवंता म्हादूला घेऊन कोल्हापूरला आली. बरोबर सत्यव्वा. तिनं कोल्हापूर प्रथमच पाहिलं. एस.टी.तून उतरली तेव्हा म्हादूचं बोट तिच्या मुठीत होतं.

सरकारी कचेरीतल्या दाखल्याच्या नमुन्यात 'कारण' असा रकाना होता. त्यात आजार, अपघात असे ठरलेले शब्द. आमचं कारण त्यात नव्हतं. खिडकीतला कारकून माझ्याच जातकुळीचा, नियमाचा पक्का. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"बाई प्यायली होती, याला पुरावा काय?"

मी मॅडमचा अहवाल पुढं केला.

"यात वाडीचं नाव नाही, बाईचं नाव नाही. ही बाई कशावरून?"

शेवंता बोलायच्या आत सत्यव्वा तिला बाजूला करून खिडकीशी आली.

"लिव्हा. मी पाजली."

"आजी, तुम्ही कोण?"

"मी सुईन. ती पोटुशी हुती तवा मालकाशी भांडून दोन दोन पाजल्या. ही नगं म्हणत हुती. मी म्हटलं, पी गं, पोराला ऊब लागंल."

कारकून माझ्याकडं बघू लागला. मी खाली बघितलं.

"असा जबाब घ्यायची आमच्याकडं तरतूद नाही, आजी."

"मंग तरतूद येईस्तवर मी हितंच बसतो," म्हणत सत्यव्वा खिडकीखाली फरशीवर बसली. म्हादू तिच्याजवळ बसून खिडकीचे गज मोजू लागला. सातापर्यंत जायचा, विसरायचा, परत एकपासून सुरू करायचा. कारकून थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं कोरा कागद घेतला, जबाब जसाच्या तसा लिहिला, सत्यव्वाचा अंगठा घेतला आणि अर्जाला टाचला.

कारणाची वर्गवारी निश्चित नसल्याने प्रकरण वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी पाठवले आहे, असं उत्तर पुढच्या महिन्यात आलं. त्यावर मी नोकरीत असताना सहा आणि निवृत्तीनंतर पाच स्मरणपत्रं पाठवली. सत्यव्वा वारली. म्हादूनं तिसरीतून शाळा सोडली. यंदा तो अठरा वर्षांचा झाला, त्यामुळं मूळ अर्ज बालकाचा की प्रौढाचा समजावा, याबाबतही आता मार्गदर्शन मागवण्यात आलं आहे.

अर्ज प्रलंबित आहे.