माफी वापस

विक्कीनं माईक माह्या तोंडापुढं धरला अन् म्हणे, "बोल."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"निषेध कर. तुह्या तोंडानं कर. गावाले आयकू दे."

माईक माहाच होता. भोंगे माहे, वायर माही, मांगचा पडदा माहा. चौकात सतरंज्या मीच टाकल्या होत्या. हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरच्या अलीकडं आमचं गाव. गावातली लग्नं, तेरव्या, भागवत सप्ताह, चौदा एप्रिल, गणपती, सारं माह्या मंडपाखाली अन् माह्या भोंग्यावर झालेलं. पण मी सोता माईकवर कधी भाषण देल्लं नाई. माहं बोलणं एवढंच, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." बोलणारे दुसरे. मी मशीनपाशी बसणारा माणूस.

तिकडं दूर अतिरेक्याइचा हल्ला झालता. साधी माणसं मारली, बायकापोराइच्या समोर. टीव्हीवर दिवसभर तेच. माही बायको नसीम पाहून पाहून रडली. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाई. सरपंचानं चौकात श्रद्धांजलीची सभा ठेवली, तवा मले कोणी बोलावलं नोतं. मी आपणहून माईक-भोंग्याचा सेट घेऊन गेलो. म्हटलं, गावाचं दुःख हाय, आपलंबी हाय.

विक्की म्हणजे आमच्या गावच्या किराणावाल्या सेठचा पोरगा. त्याच्या बारशाले भोंगा माहाच वाजला. त्याच्या बहिणीच्या लग्नात पाऊस आला, तवा मी रातभर ताडपत्रीचा कोपरा धरून उभा होतो. लहानपणापासून मले तो चाचा म्हणे. त्या दिवशी माईक त्याच्या हातात आला अन् मी एकदम 'तू' झालो.

मी उठलो. म्हटलं, "जे झालं ते लय वाईट झालं. मेले ते आपले होते."

"आपले? कोणाचे आपले?" मांगून कोणीतरी बोललं.

हासू उठलं. श्रद्धांजलीच्या सभेत लोकं हासले.

विक्की म्हणे, "असं गुळमुळीत नाई. तुमच्या लोकाइच्या वतीनं माफी माग."

मी सरपंचाकडं पाह्यलं. तो फोटोवरचा हार सारखा करून राह्यला होता. मले चौथीत शिकवलेले मास्तर होते, ते खाली पाहून राह्यले. बाकीच्याइचं तोंड दिसत नोतं. तोंडापुढं मोबाईल होते.

मी हात जोडले. म्हटलं, "माफी द्या."

माहा आवाज भोंग्यातून निघाला, शाळेच्या भिंतीवर आपटला अन् माह्यावरच आला. इतक्या वर्षांत दुसऱ्याइचे आवाज मोठे केले. आपला आवाज कसा हाय ते त्या दिवशी समजलं. भिकाऱ्याचा आवाज होता तो.

मंग सर्वाइनं शांतता पाळली. मीबी पाळली. सभा सरली, मी सतरंज्या झटकल्या, गुंडाळल्या, घरी आलो. नसीमनं काई इचारलं नाई. तिले घरातून आयकू गेलं होतं. भोंगा चांगला होता माहा.

माही पोरगी रुखसार वर्ध्याले मावशीकडं राहून कॉलेज शिकते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. घरात आमी आमच्याकडची मोडकीतोडकी हिंदी बोलतो.

"अब्बा, तुमने क्या किया था?"

"कुछ नहीं, बेटा."

"फिर माफी किस बात की?"

मंग तिनं सांगतलं. वर्गातल्या एका पोरीनं तिले तो व्हिडिओ दाखवला होता. पोरगी काई वाईट नोती, रोज हिच्यासंगं डबा खाये. ती म्हणे, "तुझ्या बाबांनी बरं केलं. मान्य तरी केलं."

मान्य तरी केलं.

हे तीन शब्द माह्या छातीत असे रुतले की काढता येईना. मी समजत होतो, आपण वाद मिटवला. हात जोडले, गाव शांत झालं, पोट्टे घरी गेले. पण त्याइच्या लेखी मी गुन्हा कबूल केलता. कोणाले मारलं ते मले मालूम नाई, कोणी मारलं ते मालूम नाई, अन् कबुली माही.

त्याच्यानंतर गाव बदललं असं नाई म्हणणार मी. कोणी शिवी देल्ली नाई. रामराम होये, पण समोरचा पयले आजूबाजूले पाहे अन् मंग करे. एका शेतकऱ्याच्या पोरीच्या लग्नाचा मंडप माह्याकडं ठरला होता. तो बिचारा सोता आला, ओसरीवर बसला, पाणी पेला. म्हणे, "भाऊ, माह्या मनात काई नाई. पण पोट्टे आयकत नाई." बस स्टॉपजवळच्या निंबाखाली विक्कीसंगचे ते पोट्टे बसू लागले. फेरीवाला आला की नाव इचारत. चादरी इकणारा एक म्हातारा दरवर्षी येये, त्याचं नाव आयकून त्याले तिथूनच वापस धाडलं. त्याच्या सायकलची हवा सोडली. मी रस्त्याच्या या बाजूनं पाहून राह्यलो होतो. म्हातारा सायकल लोटत वडनेरच्या रस्त्यानं गेला. त्यानं मांगं वळूनबी पाह्यलं नाई. त्याले सवय झाली असंन.

चाहाच्या हॉटेलात मी अन् देवानंद सकाळी बसतो. देवानंद माहा लहानपणचा दोस्त, बौद्धपुऱ्यातला, थोडं वावर हाय त्याले. एक दिवस चाहा आला. त्याले काचेच्या गिलासात, मले कागदाच्या कपात. मी कप उचलला. घोट घेतला.

देवानंदनं दोन्हीकडं पाह्यलं. म्हणे, "माह्या आज्यासाठी इथंच वेगळा कप टांगून राहे. बाहीर, वळचणीले. आपला आपण धुवून ठेवा लागे. एक दिवस त्यानं तो कप दगडावर फोडला."

"मंग?"

"मंग काय. लय मार खाल्ला. हात मोडला त्याचा, तो शेवटपर्यंत वाकडाच होता." तो हासला नाई. "पण कप पुन्हा टांगू देल्ला नाई. तू चौकात हात जोडले ना, तवा तुह्यासाठी कप टांगला गेला. अन् तूच टांगला."

मले राग आला त्याचा. लय राग आला. मी उठून आलो. चार-आठ दिवस त्याच्याशी बोललो नाई.

पावसाळा सरला, कपाशी फुटाले लागली, अन् अजून एक हल्ला झाला. दुसरीकडं, दुसरी माणसं. टीव्हीवर पुन्हा तेच रडणं. नसीमनं टीव्ही बंद केला अन् दाराची कडी लावली. म्हणे, "अब वो आएंगे."

तिच्या डोळ्यात पाणी नोतं. मांगच्या बारी ती मेलेल्यासाठी रडली होती. या बारी आमाले पयले भेव वाटलं, अन् दुःख मांगं राह्यलं. आमचं रडणंबी या लोकाइनं आमच्यापासून हिसकून घेतलं, हे मले तवा दिसलं.

ते आलेच. सरपंच अन् विक्की. विक्की पुन्हा चाचा म्हणाले लागला.

"चाचा, संध्याकाळी सेट लावजा. अन् मांगच्यासारखे दोन शब्द बोलजा. बरं दिसते."

सरपंच म्हणे, "तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यलो. बोलून टाकजो, मोकळा होजो. गावात शांतता राहते."

मी म्हटलं, "सेट लावतो."

नसीम दारात उभी होती. ते गेल्यावर तिनं इचारलं, "बोलोगे?" मी म्हटलं, "हां. बोलूंगा." तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् बाजूले झाली.

चौक भरला होता. मांगच्यापेक्षा जास्त लोकं. आजूबाजूच्या गावचेबी पोट्टे होते, अनोळखी, गळ्यात गमछे. माहं नाव पुकारलं. या बारी मी माईक कोणाले धरू देल्ला नाई. सोता हातात घेतला. मोबाईल वर झाले.

म्हटलं, "मेलेल्याइले माही श्रद्धांजली. ज्यानं मारलं त्याले धरा, सजा द्या. मांगच्या सभेत मी इथं माफी मांगतली होती. ती माफी मी वापस घेतो. मी कोणाले मारलं नाई. माह्या घरच्याइनं मारलं नाई. माफी मारणारा मांगंन. मी मांगणार नाई. आज नाई, पुढंबी नाई."

कोणीतरी वायर ओढली. भोंगे बंद पडले.

मी पुन्हा बोललो. तेच, तेवढंच, बिना माईकचं. गळा फाटला, पण शेवटच्या सतरंजीवरच्या बाईलेबी आयकू गेलं. विक्कीनं माही कॉलर धरली. तितक्यात सतरंजीवरून देवानंद उभा राह्यला. तो बोलला नाई, पुढं आला नाई, फक्त उभा राह्यला. मंग बौद्धपुऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या बाया उभ्या राह्यल्या. विक्कीनं कॉलर सोडली. माह्या कानापाशी येऊन हळूच म्हणे, "पाहून घेऊ, चाचा."

सभा तिथंच मोडली. शांतता पाळाची राहूनच गेली. ज्याइच्यासाठी जमलो होतो, त्याइची आठवण कोणाले राह्यली नाई.

बाजाराच्या दिवशी मी हिंगणघाटले गेलतो, मशीन दुरुस्तीले. वापस आलो तवा भर दुपार होती. रस्त्याच्या कडेले माहं शेड हाय, समोर दोन दुकानं, बाजूले पाण्याचा नळ. शेडमधला मंडपाचा सारा कपडा जळून गेलता. भोंगे दगडानं चेपले होते. बांबू अजून धुपत होते. दुकानं उघडी होती. नळावर बाया पाणी भरून राह्यल्या होत्या.

कोणी काई पाह्यलं नोतं.

पोलीस ठाण्यात मी विक्की अन् निंबाखालच्या पोट्ट्याइची नावं सांगतली. हवालदारानं लेहलं, 'अज्ञात इसम'. मी म्हटलं, "साहेब, नावं सांगून राह्यलो ना मी." तो म्हणे, "पुरावा हाय का?" मंग कागद सरकवत म्हणे, "बोलाची काय गरज होती तुले?"

पुलगावहून साळ्याचा फोन आला. म्हणे, सामान आणा, इकडं या, इथं आपली घरं जास्त हायेत. मी नसीमकडं पाह्यलं. ती भाकरी थापून राह्यली होती. तिनं हात थांबवला नाई. म्हणे, "मेरी माँ इसी गाँव की मिट्टी में है. तुमको जाना है तो जाओ." मी फोन ठेवला. रुखसारले सांगतलं, तू शिकत राह्य. ती म्हणे, "अब्बा, वो दूसरावाला व्हिडिओ भी देखा मैंने."

आता मी देवानंदच्या वावरात कापूस येचतो. मंडप कोणी सांगत नाई, अन् सांगतला तर माह्यापाशी कपडा नाई. निंबाखालचे पोट्टे वाढले. आता ते गावातल्याइलेबी थांबवतात. दिवस वाईट येऊन राह्यले, हे मले दिसते. पुन्हा कुठंतरी हल्ला होईन. पुन्हा माणसं मरतीन, अन् पुन्हा माह्या दाराची कडी वाजंन.

तवा मी मेलेल्यासाठी रडीन. कोणाच्या हुकमानं नाई, कोणाले दाखवाले नाई. सभा ठेवली तर जाईन. कडेले उभा राहणार नाई, सतरंजीवर मधात बसीन, जिथं गावचा माणूस बसते तिथं. कोणी बोल म्हटलं तर बोलणार नाई. कोणी ऊठ म्हटलं तर उठणार नाई. मले तिथून काढाचं असंन तर चार जणाइनं उचलून न्या लागंन. आपल्या पायानं मी उठणार नाई.