पास्कलच्या झग्याची गाठ

आमचा ख्रिस्ती धर्मसंघ एके काळी लढवय्या सरदारांचा होता. आता वसईत आम्ही पाच म्हातारे उरलो होतो, आजाऱ्यांना अंघोळ घालणारे. परवा त्यातला पास्कल गेला. शवपेटीत त्याच्या अंगावर संघाचा काळा झगा होता, पण गळ्याशी दोरी सुटलेली. आमच्यातला इग्नास पुढे झाला. पक्षाघातानंतर त्याचे हात थरथरतात. वर्षभर त्याच्या झग्याची गाठ पास्कलच मारून द्यायचा. मी मदतीला गेलो, तर म्हणाला, "राहू दे रे. आज मला बांधू दे."

फादर प्रार्थना थांबवून उभे राहिले. गाठ बसायला फार वेळ लागला. दुसऱ्याची सेवा करायची शपथ आम्ही घेतली होती. करून घेतलेली सेवा किती जड असते, हे मला तेव्हा दिसलं.

इग्नास पेटीवर वाकून हळूच म्हणाला, "घट्ट तर नाही ना झाली?"