रंग नव्हे, रोग लिहा

वैद्यकीची पदवी अगदी ताजी असताना मी नंदुरबारच्या एका धर्मादाय दवाखान्यात रुजू झालो. पहिल्याच दिवशी पिवळ्याधमक डोळ्यांच्या एका रुग्णाच्या बिलावर, निदानाच्या रकान्यात, मी ऐटीत ‘कावीळ’ असे लिहिले. डॉक्टर यशवंतराव, म्हणजे साऱ्या तालुक्याचे डॉक्टरदादा, यांनी चष्मा वर सरकवला, तो शब्द शांतपणे खोडला आणि म्हणाले, “हा रंग झाला. रोग कुठला?” आमची ओळख झाली ती अशी. मला भयंकर राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीला सांगायला हरकत नाही.

दादांचे म्हणणे सरळ होते. डोळे पित्ताच्या खड्याने पिवळे होतात, घाण पाण्याने होतात, दारूनेही होतात. मजुराचे बिल भरणारा मालक तो एक शब्द वाचतो आणि माणसाचे काय करायचे ते ठरवतो. म्हणून आधी विचारायचे, मग लिहायचे. आणि विचारायचे ते त्याच्या बोलीत. दादा तापीकाठचे, अहिराणी त्यांच्या घरचीच. भिली त्यांनी रुग्णांकडून उचलली. अनेक रुग्णांच्या सदऱ्याखाली भगताने दिलेली काविळीची माळ दडलेली असे. मुळ्यांच्या तुकड्यांची ही माळ रोग उतरेल तशी लांबत जाते, असा इकडे विश्वास आहे. एकदा मी ती तोडायला निघालो तेव्हा दादा कडाडले, “तोडलीत तर तो उद्यापासून काहीच खरं सांगणार नाही. राहू द्या. आणि कागदावर लिहा, माळ आहे.”

दारूबंदीचे दिवस होते. नवापूरकडचा गोमा रुळांच्या दुरुस्तीवर मजूर होता. तो पिवळा होऊन आला, आणि मागोमाग ठेकेदाराचा मुनीमही आला. ठेकेदार मजुरांच्या औषधपाण्याचे बिल भरी, पण दारूच्या आजाराचे नाही. तसा शेरा पडला की मजूर कामावरून कमी, शिवाय पोलिसांचा ससेमिरा. मुनीम म्हणाला, “डोंगरातला माणूस, पीतच असणार. दारू लिहून मोकळे व्हा.” दादांनी त्याच्याकडे न पाहता गोमाला विचारले,

“दारू पेस का रे भाऊ?”

“नही दादा. मन्हा बाप पे, मी नही.”

“आन् पानी कोठलं पेस?”

“रूळना जोडे डबरं शे, तठलं.”

दादांनी माणूस पाठवून त्या डबक्याचे पाणी बाटलीत मागवले, पेल्यात ओतले आणि मुनिमापुढे सरकवले. “एवढं पिऊन दाखवा. मग तुम्ही सांगाल ते लिहितो.” मुनिमाने पेल्याला हातही लावला नाही. बिलावर ‘दूषित पाण्याने यकृताला सूज’ असे लिहिले गेले, ठेकेदाराने ते मुकाट्याने भरले, आणि गोमा बरा होऊन त्याच कामावर परतला. काही दिवसांत रुळांजवळ पिण्याच्या पाण्याची टाकीही आली.

गेल्या वर्षी खुद्द दादांचे डोळे पिवळे झाले. उपचार माझ्याकडे होते आणि मी पुरता घाबरलो होतो. खाटेवरूनही त्यांनी विचारलेच, “रंग लिहिलात की रोग?” तेवढ्यात गोमा आला. त्याच्या हातात माळ होती. मोठ्या डॉक्टरला हे कसे द्यावे म्हणून तो दारातच घुटमळला. दादांनी त्याला जवळ बोलावले, मान वाकवली आणि माळ गळ्यात घालून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिहा, माळ आहे.” माझे डोळे भरून आले, तरी मी लिहिले.

दादा खडखडीत बरे झाले. कशाने, यावर गोमाचे आणि माझे अजून एकमत नाही. पण ते घरी निघाले तेव्हा गोमा म्हणाला, “आते शंभर वरीस दादाले काही व्हत नही,” आणि त्यावर मात्र आम्हा दोघांचे एकमत आहे. तेव्हा दादा, तुमच्या नावापुढे मी आज लिहितो: शंभर वर्षे, ठणठणीत. त्या पहिल्या ‘कावीळ’नंतर न तपासता, न विचारता लिहिलेले माझे हे एकच निदान आहे. एवढे खोडू नका.